आरोग्याच्या चार गोष्टी : सकाळची भूल, दुपारची भूल

गेल्या महिन्यात आम्हां दोघांनाही दातांच्या डॉक्टरांकडे जावे लागले. सौ.ची वेळ कामावर जायच्या आधीची, सकाळी आठची. आमची दुपारी तीनची. डॉक्टर तेच, इंजेक्शन तेच. सौ.ला दाढ कोरता कोरताच कळ आली, पण भिडेपोटी ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. आम्ही मात्र संध्याकाळच्या चहापर्यंत वाकड्या ओठाने हिंडत होतो.

दोन माणसे, दोन दाढा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण फ्रान्समधील अलँ रेनबर्ग यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असेच आढळले होते. लिडोकेनचा (आपल्याकडचे लिग्नोकेन, इथे लोक अजून नोव्होकेनच म्हणतात) बधिरपणा दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त टिकला. सकाळी सातला दिलेले औषध त्याच्या निम्म्या वेळातच उतरले. शरीराचे तापमान, रक्ताभिसरण, यकृताचे काम हे सारे दिवसभर घड्याळाप्रमाणे कमीजास्त होते. मग औषध तरी त्यातून कसे सुटणार?

म्हणून सगळ्यांनी दुपारच्याच वेळा मागाव्यात काय? तसे नाही. हल्ली औषधात बहुधा ॲड्रिनॅलिन घालतात. त्याने दात तासभर आणि ओठ तीन ते पाच तास बधिर राहतो, त्यामुळे सकाळीही सहसा निभावते. शिवाय सुजलेल्या, पू झालेल्या दाढेवर भूल कोणत्याही वेळी नीट चढत नाही. अशी दाढ दुपारची वाट पाहत ठेवू नये.

खरी अडचण आपल्या भिडेची आहे. तोंडात नळी असताना इंग्रजी कुठले सुचायला! सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगून ठेवावे, 'दुखले तर डावा हात वर करीन.' मग ते थांबतात आणि आणखी औषध देतात. किती द्यायचे याला वजनाप्रमाणे मर्यादा असते, ते त्यांच्यावर सोपवावे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना नेताना त्यांच्या रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्यांची यादी बरोबर ठेवावी. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीने लिडोकेन शरीरातून सावकाश बाहेर पडते.

आणि शाळा सुटल्यावर मुलांना नेलेत, तर बधिरपणा पुरता उतरेपर्यंत त्यांना जेवायला देऊ नका. शेजारच्या चिरंजीवांनी पोळीच्या घासाबरोबर स्वतःचा ओठही चावला. दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजलेला, आणि नेमका तो शाळेत फोटो काढायचा दिवस!