चुलीवरची चव कोणाच्या जिवावर?

आमच्या केंदूरला चहा गॅसवर होतो आणि भाकरी मागल्या पडवीत चुलीवर. कारण विचारले की उत्तर ठरलेले : चुलीवरच्या भाकरीला चव असते! असते, मान्य आहे. आरावर शेकलेली बाजरीची भाकरी खमंगच लागते. पण हे उत्तर देणारा ताटावर बसलेला असतो. फुंकणी जिच्या हातात, तिला कोणी विचारीत नाही.

माझ्या मते खरी गोम चवीत नाही, पैशात आहे. १४.२ किलोची टाकी एकरकमी रोख मागते. बाभळीचा फाटा, तुऱ्हाट्या, गोवऱ्या यांना रोकड लागत नाही. लागतात आईचे दोन तास आणि तिचे डोळे. त्यांचा हिशेब कोण मांडतो? २०१६ च्या उज्ज्वला योजनेने जोडणी बाईच्या नावावर दिली, हे मोठेच काम झाले. परंतु टाकी भरण्याचा पैसा पुरुषाच्या खिशातच राहिला. ऐंशीच्या दशकात सरकारने धुराड्याच्या सुधारित चुली आणल्या होत्या. पण काजळीने तुंबलेले धुराडे साफ करायचे कोणी? पुन्हा तिनेच.

कोणी म्हणेल, गॅस निम्म्याहून अधिक परदेशातून येतो, सरपण बांधावर उगवते. खरे आहे. मग आंघोळीचे पाणी खुशाल अंगणातल्या बंबात तापवा. स्वयंपाक मात्र गॅसवर व्हावा, आणि दुधाचा पगार झाला की त्यातून टाकीचे पैसे आधी आईच्या हातात पडावेत. खताचे, बियाण्याचे मागून.