शासनहर आणि चार दरवाजे

विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आलें नाहीं म्हणजे दोष कोणाचा, हें ठरविणें पुष्कळदां मूळ प्रश्नाहून अवघड असतें. पत्र पोंचलेंच नाहीं, कीं पोंचून कोणी फोडलें नाहीं, कीं वाचून उत्तर देण्याचें नाकारलें, या तिन्ही प्रसंगीं वाट पाहणाऱ्याच्या वांट्यास येतें तें एकच, मौन. आजकाल या मौनास ‘सर्व्हर डाऊन’ असें नांव पडलें आहे. रेशनच्या दुकानांत, बँकेच्या खिडकीपाशीं, सात-बाराचा उतारा काढून देणाऱ्या केंद्रांत हे दोन शब्द उच्चारले कीं पुढील बोलणें खुंटतें. मावळांतील एखाद्या डोंगरवाडीहून तालुक्याच्या गांवीं, वडगांवास, आलेल्या माणसाचा अख्खा दिवस या दोन शब्दांत बुडतो, आणि दोष कोठें होता हें त्यास कधींच कळत नाहीं. या मौनाची फोड करणारें एक लहानसें साधन आहे. या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणकास आज्ञा देण्याची चित्रें व बटणें यांहून जुनी अशी एक रीत आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, ती धाडावी, आणि तिच्याखालीं उत्तराच्या ओळी उमटाव्या. या रीतीनें दूरच्या संगणकाकडे विनंती पाठवून त्याचें उत्तर जसेंच्या तसें पुढें ठेवणाऱ्या साधनाचें नांव ‘कर्ल’ असें आहे. १९९६ सालीं ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनीं लिहिलेली एक छोटी आज्ञावली स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांच्या हातीं पडली. त्यांस निरनिराळ्या देशांच्या चलनांचे दर आपोआप आणवून घ्यावयाचे होते. त्यांनीं तींत भर घालतां घालतां तिचें रूपच पालटलें, आणि २० मार्च १९९८ रोजीं ती ‘कर्ल’ या नांवानें प्रसिद्ध केली. तिच्यासाठीं आजही कोणास पैसा मोजावा लागत नाहीं. २०१८ पासून विंडोजच्या संगणकांतही ती आयतीच मिळते. या कामाबद्दल २०१७ सालीं स्टेनबर्ग यांस स्वीडनमधील पोल्हेम पारितोषिक देण्यांत आलें.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. निसृष्टार्थास वाटाघाटीचा पूर्ण अधिकार असतो. परिमितार्थाचा अधिकार ठराविक कामापुरता. आणि शासनहर हा केवळ लेख पोंचविणारा. आपण नित्य वापरतों तो ब्राउझर निसृष्टार्थाच्या जातीचा आहे. मालकाच्या सुखासाठीं तो स्वतःच्या बुद्धीनें पुष्कळ कांहीं करतो. ‘घर बदललें आहे’ असें समोरून सांगतांच न विचारतां नव्या पत्त्यावर जातो. मागील खेपेचीं उत्तरें जपून ठेवून तींच पुन्हां दाखवितो. आलेल्या मजकुरास रंगरूप चढवितो. नित्य व्यवहारास हें सोयीचें. परंतु परीक्षा करावयाची असतां असला चतुर दूत निरुपयोगी ठरतो, कारण त्याचें उत्तर कोणतें आणि समोरच्याचें कोणतें, हें निवडतां येत नाहीं. कर्ल हा खरा शासनहर. घर बदलल्याचा निरोप मिळाला तर तो तेवढाच निरोप घेऊन परत येतो. पुढें जाण्याची निराळी आज्ञा असेल तरच पुढें जातो. ‘वाटेंत काय काय घडलें तें सांग’ अशी आज्ञा दिली, तर आपण काय बोललों आणि समोरचा काय बोलला, हें वेगवेगळ्या खुणांनीं ओळींओळींनीं मांडतो.

वाटेंत घडतें तरी काय? लोहगडवाडीहून गडावर चढूं लागलें कीं गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकीं हा एक. ज्यांनीं ती चढण केली आहे त्यांस आमचें पुढील विवेचन सोपें वाटेल. दूरच्या सेवेकडे जाणाऱ्या विनंतीसही असेच चार दरवाजे ओलांडावे लागतात. पहिल्यावर सेवेच्या नांवावरून तिचा क्रमांक शोधला जातो. तो सांपडला नाहीं तर कर्ल ६ हा आंकडा सांगून थांबतो. दुसऱ्यावर त्या क्रमांकाच्या संगणकाशीं जोडणी होते. ती नाकारली गेली तर आंकडा ७. तिसऱ्यावर समोरचा खरोखर तोच आहे काय, हें त्याच्या प्रमाणपत्रावरून पडताळलें जातें. प्रमाणपत्र पटलें नाहीं तर ६०. वाटेंत कोठेंही ठरवून दिलेल्या वेळेहून अधिक ताटकळावें लागलें तर २८. हे चारही आंकडे आपल्याच दूताचे आहेत.

महादरवाजा उघडला म्हणजे मात्र बोलणारा पलीकडचा, आणि त्याचा आंकडा तीन अक्षरी. २०० म्हणजे काम झालें. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाहीं; ४०४ म्हणजे मागितलेली वस्तु येथें नाहीं; ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळां दार ठोठावीत आहां. ५०० म्हणजे आमच्याच घरांत कांहीं बिघडलें. ५०३ म्हणजे तूर्त सेवा देतां येत नाहीं. पहिलें अक्षर चार असेल तर उत्तर देणारा दोष विचारणाऱ्याकडे दाखवितो, आणि पांच असेल तर तो स्वतःकडे घेतो. यंत्राच्या भाषेंत स्वतःचा दोष सांगण्यासाठीं एक स्वतंत्र अक्षर राखून ठेवलेलें आहे, ही गोष्ट आम्हांस मोठी बोधप्रद वाटते.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें हा प्रकार लोहगडवाडींत आम्हांस प्रत्यक्ष दाखविला. पुण्यांत संगणकाच्या कामावर असलेल्या या तरुणानें वाडींतील आपल्या चुलत्यांच्या घरीं उतरणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांचें आरक्षण दूरच्या एका सेवेमार्फत व्हावें, अशी व्यवस्था करून दिली होती. पावसाळ्यांतील शनिवार-रविवार हाच त्या घराचा कमाईचा हंगाम. ऐन आषाढांत आरक्षणें येण्याचें थांबलें. चुलत्यांनीं वाडीच्या नेटवर्कास बोल लावला. शेजाऱ्यांनीं पोराचें काम कच्चें ठरविलें. तो कांहीं न बोलतां पुण्याहून आला. त्यानें काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. क्रमांक सांपडला, जोडणी झाली, प्रमाणपत्र पटलें, आणि चौथ्या दरवाज्यावरून उत्तर आलें, ४०१. म्हणजे वाडीचें नेटवर्क ठीक, सेवाही जागी. परंतु आपण दाखविलेली किल्ली तिला मान्य नाहीं. किल्लीची मुदत सरली होती. नवी किल्ली मिळवून तीच ओळ पुन्हां धाडली, आणि २०० उमटलें. सारें काम पाव तासाचें. त्याआधीं दहा दिवस मात्र घरांत एकमेकांवर संशय घेण्यांत गेले होते, आणि त्या दहा दिवसांत दोन शनिवार होते.

साधन जितकें साधें तितका त्याच्या वापरांत संयम हवा. नुसती माहिती मागणारी विनंती आणि कांहीं बदल घडवून आणणारी विनंती, यांतील भेद प्रथम मनांत ठसवावा. किती वाजले हें दहांदा विचारलें तरी घड्याळ बिघडत नाहीं. मनिऑर्डर दहांदा केली तर पैसे दहांदा जातात. म्हणून बदल करणारी विनंती नेहमीं सेवेच्या चांचणीसाठीं राखलेल्या जागींच करून पाहावी; शिकाऊ मंडळींस नुसतें पाहावयाचें असेल तर ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हें नांव १९९९ पासून उदाहरणांसाठींच राखून ठेविलेलें आहे. तिसऱ्या दरवाज्यावरील पडताळणी टाळण्याचीही एक आज्ञा आहे. ती वापरणें म्हणजे पहारेकऱ्याचे डोळे बांधणें होय. आपली किल्ली लिहिलेली ओळ दुसऱ्यास दाखवूं नये, आणि परक्यानें दिलेली ओळ अर्थ न समजतां आपल्या संगणकावर धाडूं नये. अर्थ न जाणतां पाठ म्हणणाऱ्यास आमचे शास्त्रीबोवा ‘भारवाही’ म्हणत. येथें तर भाराबरोबर विंचूही येण्याचा संभव असतो. परक्याच्या संगणकांत परवानगीवांचून शिरणें वा त्याची सेवा विस्कळित करणें २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वयें नुकसानभरपाईस पात्र आहे, आणि तें अप्रामाणिक हेतूनें केल्यास शिक्षेसही.

१९८६ सालीं मुंबईची एन्.सी.एस्.टी. ही संस्था आणि पवईची आय्.आय्.टी. यांच्यांत टेलिफोनच्या तारेवरून संगणकीय टपाल सुरू झालें, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें. तेव्हां विचारणारे थोडे होते, आणि तेही बहुधा जाणते. आज धान्य, पेन्शन, शिष्यवृत्ति, जमिनीचा उतारा, सारें याच चार दरवाज्यांतून येतें, आणि बाहेर उभ्या असलेल्या बहुसंख्यांस दरवाजे चार आहेत हेंही ठाऊक नाहीं. ज्यास दोषाचें स्थान सांगतां येत नाहीं त्याच्यावर दोष लादणें सोपें असतें. न उमटणारा अंगठा, डोंगराआडचें गांव, अशिक्षितपणा, अशीं नांवें मग त्या दोषास मिळतात.

यास्तव आमची विनंती दोन प्रकारची आहे. ज्या घरांत मुलें-मुली संगणक शिकत आहेत, त्यांनीं त्यांस चित्रांपलीकडील ही एक ओळ लिहावयास शिकवावें. तींत गणिताची शिस्त आहे, आणि व्याकरणाचीही. आणि जे खिडकीच्या आंतील बाजूस बसतात, त्यांनीं ‘सर्व्हर डाऊन’ एवढ्यावर न थांबतां, काम कोणत्या दरवाज्यावर अडलें आहे आणि फिरून केव्हां यावें, एवढें चौकशी करून सांगावें. वाडीवर परत जाणाऱ्या माणसाचा दिवस त्यानें भरून येणार नाहीं. परंतु दोष आपला नव्हता, हें ठाऊक होऊन तो घाट चढेल.