पत्र पावले, पैसे पाठवावेत

मराठी घरात पत्रांचे दोन वर्ग असतात. चांदण्याकडे, फुलांकडे बघत लिहिलेली पत्रे फर्स्ट क्लासने प्रवास करतात. त्यांची पुस्तके निघतात आणि ती मुंजीत आहेर म्हणून फिरतात. ‘आपले पत्र पावले, पुढचा हप्ता अजून नाही, वर्गणी थकली आहे’ असली कामाची पत्रे तारेला टोचली जातात आणि तार भरली की रद्दीवाल्याच्या तागडीत पडतात. आमचे एक प्राध्यापक मित्र याला अभिरुची म्हणतात. व्हाउचरवर सही नसली तर प्रत्यक्ष सासऱ्यालाही पैसे न देणारा मी बँकेतला कारकून. या अभिरुचीवर माझा आक्षेप आहे आणि तो मी लेखी नोंदवतो.

हरि नारायण आपट्यांचेच बघा. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातच क्रमशः आली. शिवाय पुण्याच्या आनंदाश्रमाचा कारभार अंगावर. म्हणजे हा गृहस्थ एका हाताने यमूचे अश्रू पुसत होता आणि दुसऱ्या हाताने हिशेब तपासत होता! साप्ताहिक म्हटले की छापखाना आला, कागदवाला आला, वेळेवर मजकूर न देणारा लेखक आला आणि वेळेवर पैसे न देणारा वर्गणीदार तर आलाच. हरिभाऊंनी काशीबाई कानिटकरांना लिहिलेली पत्रे आपल्याला वाचायला मिळाली, कारण बाईंनी ती जपली. मराठी वाङ्मयाचा इतिहास असा कुणाच्या तरी ट्रंकेच्या कृपेवर उभा आहे.

आपल्या खानदेशापुरते बोलायचे तर केशवसुत फैजपूरला आणि भडगावला मास्तर होते. त्यांच्या कविता ‘करमणूक’मध्ये येत. १९०५ साली ते हुबळीला वारले आणि पुढे त्यांच्या कविता एकत्र करून छापल्या त्याही हरिभाऊंनीच. या कवीचा साधा फोटोसुद्धा आपल्याजवळ नाही. ज्याचा चेहरा हरवला, त्याची निदान हस्ताक्षरातली चिठ्ठी तरी सोन्याच्या भावाने जपावी की नाही? पण आपण पुतळ्याची वर्गणी काढणार आणि चिठ्ठीत शेव बांधणार!

तिकडे अमेरिकेत एडगर ॲलन पो नावाचा लेखक होता. तोही मासिकांच्या संपादकीय खुर्चीत बसलेला आणि जन्मभर कडका. त्याची पत्रे १९४८ साली दोन खंडांत छापून निघाली. त्यांत उसने मागणे आहे, नव्या मासिकासाठी वर्गणीदार जमवण्याची धडपड आहे. वाचून पो लहान होत नाही. भुताखेताच्या गोष्टी लिहिणाऱ्याला खरी भीती घरभाड्याची वाटत होती, एवढे कळते.

प्राध्यापक म्हणतात, ‘व्यवहाराच्या पत्रांत वाङ्मय कुठे असते?’ त्यांना मी धुळ्याच्या एस.टी.त बसवू इच्छितो. तिकीट माझे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे. या माणसाने गावोगावची दप्तरे उपसून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. पहिला निघाला १८९८ साली, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. ती पत्रे काय चांदण्यावर होती? भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना पुनःपुन्हा लिहीत होते की पैसा पाठवा, रसद पाठवा. शुद्ध व्यवहार! तेवढा व्यवहार वाण्याच्या पुड्यांत गेला असता तर पानिपतावर आपण आजही नुसते पोवाडेच म्हणत बसलो असतो.

दुसरा आक्षेप सभ्यपणाचा. म्हणे दुसऱ्याची पत्रे वाचू नयेत. कबूल! नवरा-बायकोची पत्रे खुशाल चुलीत घाला. पण संपादकाने लेखकाला ‘शेवट बदला’ असे का लिहिले आणि लेखकाने तो का बदलला, हे खाजगी कसे? आम्ही बँकेत सव्वा रुपयाचे व्हाउचरसुद्धा ठरावीक वर्षे सांभाळतो. झुरळे ते खातात हे खरे, पण नियमाप्रमाणे खातात. आणि एका कादंबरीच्या जन्माचे व्हाउचर मात्र दिवाळीच्या साफसफाईत जाते!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. आजोबा कधी मास्तर असतील, मासिकाचे एजंट असतील, चार कविता करून थकले असतील, तर त्यांची ट्रंक रद्दीवाल्यासमोर उघडू नका. आधी धुळ्याला राजवाडे मंडळात किंवा जळगावला व. वा. वाचनालयात विचारा. आजचे संपादक तर पसंती-नापसंती मोबाइलवर अंगठा दाखवून कळवतात. तो अंगठा उद्या कुठल्या खंडात छापणार? आम्ही बँकेतसुद्धा अंगठा घेतो तो साक्षीदाराच्या सहीसकट. म्हणून जी कागदावरची पत्रे उरली आहेत, तेवढी तरी तागडीतून उतरवा.