तळ कळतो, पण उशिरा

कोकण किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा पसरल्याची बातमी आली की बारामती-इंदापूरकडचा माणूसही सुखावतो. खरे तर त्या पट्ट्याचा पाऊस सह्याद्रीच अडवून धरतो. बारामतीजवळचे कन्हेरी गाव पर्जन्यछायेत. पण भाटघर, वीर ही धरणे भरली की नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटते, आणि इकडे आभाळापेक्षा कालव्याचाच भरवसा जास्त.

कमी दाबाचा पट्टा म्हणजे हवेतली गर्त, आणि ती अशी पाणी देणारी. अर्थशास्त्रातली गर्त म्हणजे मंदीचा तळ. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली, तरंगाची गर्त सगळ्यांत सोपी: शृंग जितके उंच तितकीच गर्त खोल, आणि पुढचे शृंग ठरलेले. शेतीला असा हिशेब कुठला?

2023 च्या ऑगस्टमध्ये मॉन्सूनचा आस, म्हणजे राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंतचा कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला. त्यात एल निनो. देशात सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पाऊस झाला. 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो 31 ऑक्टोबरला. बारामती आणि इंदापूर त्या यादीत होते, पण तोवर खरिपाचे व्हायचे ते होऊन गेले होते. पुढच्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे पातळीत होते आणि पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडले. ते पाहायला गर्दीही झाली!

उशीर हा आकड्यांचा स्वभावच आहे. कोरोनाच्या मंदीचा अमेरिकेतला तळ एप्रिल 2020 मध्ये लागला, यावर तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने शिक्कामोर्तब केले जुलै 2021 मध्ये. त्यांना ते परवडते. तो इतिहास लिहिण्याचा उद्योग आहे. जनावरांच्या चाऱ्याला ती सवड नसते.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत आधी पाऊस पाहायचा, मग पीक, ओल, जलसाठे आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, गैर आहे ती मदतीला शेवटच्या पायरीशी बांधण्याची रीत. राज्यात 2024 पर्यंत पीकविम्यात हंगामाच्या मध्यावरच 25 टक्क्यांपर्यंत आगाऊ भरपाईची तरतूद होती. मग चारा आणि टँकर यांचे निर्णयही पावसाच्या खंडावरच का घेऊ नयेत? महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, तिथली रोजची नोंद मुंबईत दिसते. पाहणी आणि पंचनामे मागाहून खुशाल चालू द्यावेत.