कोळ्याचं चित्र कुणी काढायचं?

दोस्तांनो,

या अंकात आम्ही कच्ची रेखाटनं छापतोय. इस्लापूरच्या आपल्याच एका पोरानं पेन्सिलीनं काढलेली. 'शाकुंतल' आणि 'मृच्छकटिक', दोन नाटकांतले प्रसंग. खोडरबराचे डाग आहेत, चुकलेल्या रेघा आहेत. "पक्की झाल्यावर छापा की," असं काही जण म्हणाले. आम्ही म्हणालो, नाही. चित्रात पुढं कोण आणि चौकटीबाहेर कोण, याचा निकाल कच्च्या आराखड्यातच लागतो. रंग मागून येतो. भांडायचं तर इथंच भांडलं पाहिजे.

१८७६ साली राजा रविवर्म्यानं पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं. १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. गाणं कानात, चित्र भिंतीवर. पांढरपेशांची शकुंतला अशी पक्की झाली : गोरी, नाजूक, मागं वळून बघणारी.

पण त्याच नाटकात सहाव्या अंकाच्या तोंडाला एक कोळी आहे. हात मागं बांधलेला. राजाची अंगठी त्याला माशाच्या पोटात सापडली, हा त्याचा गुन्हा. शिपाई त्याला मारतात, धंद्याची टिंगल करतात. आणि कालिदास त्याच्याच तोंडून वदवतो की जन्मानं आलेलं काम निंद्य असलं तरी सोडू नये! मार खाणाऱ्याच्या तोंडी मारणाऱ्याचा कायदा. राजा अंगठीच्या मोलाचं बक्षीस देतो, त्यातलं अर्धं शिपायांच्या घशात. पाळी सुटल्यावर गोदीच्या गेटावर झडती देणाऱ्याला हा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागत नाही. राजाला शकुंतला आठवली ती या माणसाच्या सुरीमुळं. नाटक मात्र त्याला दारूच्या गुत्त्याकडं धाडून मोकळं.

'मृच्छकटिका'च्या दहाव्या अंकात चारुदत्ताला वधाला नेणारे दोन चांडाळ आहेत. ते सांगतात, आम्ही कुळानं चांडाळ, पण सज्जनाला छळणारे तेच खरे चांडाळ. वार करताना हातातली तलवार निसटते. शेवटी राज्य पालटतं. स्थावरकाची गुलामी सुटते. आणि चांडाळांना बक्षीस काय? सगळ्या चांडाळांचं नायकपण! राजा बदलला, वेस तिथंच. आज आपल्यातल्या काहींना पक्षवाले असंच नायकपण वाटत फिरतात. ओळखा.

या नाटकांत राजे संस्कृत बोलतात. कोळी, चांडाळ, नोकर प्राकृत. जिभेवरून पायरी ठरलेली. आपल्या लिहिण्याला 'अशुद्ध' म्हणणाऱ्यांचं घराणं एवढं जुनं आहे.

आमच्या पोरानं काय केलंय बघा. एका कागदावर कोळी कागदभर. शिपायांचे फक्त हात आणि काठ्या. राजा नाहीच. दुसऱ्यावर जमिनीवर पडलेली तलवार आणि चांडाळाचा उघडा तळवा. बस्स.

कुणी विचारेल, त्यांची नाटकं आपण कशाला उचलायची? जाळून टाका, विषय संपला. नाही दोस्तांनो, संपत नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, आणि १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते याचा ग्रंथ लिहिला तो त्यांचीच शास्त्रं उकरून. जाळणं आणि वाचणं, दोन्ही आपलीच कामं. न वाचता जाळलं तर नुसता धूर होतो.

आणि हिशेब शेकडो वर्षांपूर्वीच्या रंगमंचावर थांबत नाही. याच नांदेड जिल्ह्यात १९७८ साली, नामांतराच्या मागणीवरून पेटलेल्या दंगलीत, पोचीराम कांबळे मारले गेले. विद्यापीठाचं नाव बदलायला १९९४ उजाडलं. तो प्रसंग कुठल्याही अभिजात नाटकात येणार नाही. कुठला दरबारी चितारी तो काढणार नाही. तो आपण काढायचा, आपणच रंगमंचावर आणायचा.

तेव्हा चित्रकला शिकणाऱ्या पोरापोरींनो, मास्तरांनी शकुंतला दिली तर जरूर काढा. हात साफ होतो. पण कागदाची एक बाजू कोरी ठेवा. तिथं कोळी काढा, आणि आम्हाला पाठवा. कच्चा चालेल.

जयभीम!