कोण्या गावचे?

आंजी (मोठी) च्या बाजारात अनोळखी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो गावाचा. “कोन्या गावचे जी?” एवढे कळले की पुढील चौकशी आपोआप होते. कोणाच्या घरचा, शेत कोणत्या शिवारात, यंदा पेरा कशाचा, उधारी लिहावी की रोख मागावी, हे सारे त्या एका उत्तराच्या आधाराने ठरते. नाव त्यानंतर विचारले जाते. बँकेच्या कर्जअर्जातही गावाचा रकाना असतो. मात्र वर्धा–आर्वी रस्त्यावरील एखाद्या जुन्या दुकानदाराला त्या रकान्यातून जे वाचता येते ते शाखाधिकाऱ्याला क्वचितच वाचता येते.

लेखकाची, चित्रकाराची किंवा नाटककाराची मुलाखत घेणाराही बहुधा याच प्रश्नाने आरंभ करतो. आपले गाव कोणते, घर कसे होते, हे सारे सुचले कोठून? प्रश्न साधा असला तरी त्याची उत्तरे विलक्षण निघतात.

वर्ध्याच्या शेजारी यवतमाळ जिल्हा. त्या जिल्ह्यातील पारवा या गावी 9 ऑक्टोबर 1939 रोजी महेश एलकुंचवार यांचा जन्म झाला. जमीनजुमला असलेले घर. शिक्षणासाठी त्यांना अगदी लहान वयात घर सोडावे लागले आणि पुढे नागपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली. नाटकाकडे आपण कसे वळलो हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. 1965 साली चित्रपटाची तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून ते नाटकाला जाऊन बसले. ते नाटक होते विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ आणि दिग्दर्शन विजया मेहता यांचे. त्या रात्रीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. 1967 साली ‘सत्यकथे’त त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका प्रसिद्ध झाली.

येथे व्यापारी वाचकाने तारखांकडे लक्ष द्यावे. ‘सुलतान’नंतर ‘होळी’ आली, ‘गार्बो’ आले, ‘पार्टी’ आले. वसतिगृहातील मुले, शहरातील कलावंत, त्यांचे दिवाणखाने; गाव कोठेच नाही. ‘वाडा चिरेबंदी’ रंगभूमीवर आले ते 1985 साली. विदर्भातील एक खेडे, घरातील वडीलधाऱ्याचा मृत्यू, तेराव्यापर्यंतचे दिवस, मुंबईहून आलेला मुलगा, दारात नादुरुस्त पडलेला ट्रॅक्टर, आणि घरातील सोन्याकडे लागलेले प्रत्येकाचे डोळे. पारव्याचे घर सुटल्यानंतर सुमारे चार दशके आणि लेखनाला आरंभ झाल्यानंतर अठरा वर्षे लोटल्यावर ते जग कागदावर उतरले. मुदत ठेवीला इतकी वर्षे हात न लावण्याचा संयम फार थोड्या ठेवीदारांकडे असतो. आणि ती ठेव परत आली तेव्हा व्याज होते भाषेचे. शहरात राहून झिजते अशी समजूत असलेली वऱ्हाडी बोली त्या घराच्या तोंडी जशीच्या तशी आली.

मोठा वाडा, जुने घराणे, पडझडीचा इतिहास असे काही असल्याखेरीज गाव कलेला पुरत नाही, असा समज मात्र यावरून होऊ नये. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ नावाचे शहर आहे. एका बाजूस अफाट वाळवंट, दुसऱ्या बाजूस त्याहून अफाट समुद्र. जगातील अत्यंत एकाकी मोठ्या शहरांत त्याची गणना होते. त्या शहराच्या उत्तरेकडील एका नव्या वस्तीत शॉन टॅन हा चित्रकार-लेखक वाढला. जन्म 1974 चा. वस्ती इतकी नवी की तिला सांगण्यासारखा इतिहास नाही, देऊळ नाही, वाडा नाही. सारखी घरे आणि सरळ रस्ते. याच नीरस परिसरातून त्याचे ‘टेल्स फ्रॉम आउटर सबर्बिया’ हे 2008 सालचे पुस्तक निघाले. त्याआधी 2006 साली ‘द अरायव्हल’ प्रसिद्ध झाले होते. परक्या देशात पोट भरावयास गेलेल्या एका माणसाची ती कथा आहे आणि त्या संपूर्ण पुस्तकात कथा सांगणारा एकही शब्द नाही, केवळ चित्रे आहेत. जेथील लिपीही वाचता येत नाही अशा गावी पहिल्यांदा उतरलेल्या माणसाची अवस्था सांगण्याचा याहून प्रामाणिक मार्ग कोणता असावा? ज्यांचे पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून किंवा मराठवाड्यातून एक गाठोडे घेऊन वऱ्हाडात आले, त्या घरांतील मुलांनी हे पुस्तक अवश्य पाहावे.

त्या पुस्तकामागची प्रेरणा सांगताना टॅनने आपल्या वडिलांचा उल्लेख केला आहे. चिनी वंशाचे वडील 1960 साली मलेशियातून वास्तुशास्त्र शिकण्यासाठी ऑस्ट्रेलियात आले. आई तेव्हा एका दुकानात काम करीत होती. तेथे आराखडे काढण्याच्या विशेष लेखण्या विकल्या जात. वडील गिऱ्हाईक म्हणून गेले, ओळख झाली, विवाह झाला. अशा रीतीने जगातील एका नामवंत चित्रकाराचे गाव शोधत गेले तर वाट शेवटी एका दुकानाच्या फळीपाशी येऊन थांबते.

मराठी साहित्यातील गावात दुकान आहे, परंतु दुकानातील माणसाला मन आहे असे क्वचितच दिसते. ग्रामीण कथेत वाणी येतो तो वजनात मारणारा म्हणून, सावकार येतो तो जमीन गिळणारा म्हणून. ते चित्र सर्वस्वी खोटे आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि ते पायरीखालून पाहिलेले चित्र आहे. गादीवरून गाव कसे दिसत होते हे गादीवर बसणाऱ्यांनीच सांगितले नाही, तर लेखकांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

समाजातील मासिकांतून येणारे परिचय पाहावेत. जन्म, शिक्षण, व्यवसायाची भरभराट, दिलेले दान, भूषविलेली पदे, आणि सत्काराचे छायाचित्र. जमेची बाजू भरगच्च, नावेची बाजू कोरी. असा ताळेबंद लेखापरीक्षकापुढे आला असता तर त्याने पहिल्या पानावरच लाल पेन्सिल उचलली असती.

आणि नवल असे की या देशातील आत्मकथनाच्या परंपरेत अगदी आरंभी उभा आहे तो एक जैन व्यापारीच. 1641 साली आग्र्यात बनारसीदासांनी ‘अर्धकथानक’ लिहिले. ‘नाटक समयसार’चे कर्ते म्हणून त्यांचे नाव स्वाध्याय करणाऱ्यांच्या परिचयाचे असते, दोहा-चौपाईतील त्यांचे हे जीवनवृत्त मात्र घरोघरी पोहोचले नाही. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून ते ओळखले जाते. मुंबईत हिराबाग येथून ग्रंथप्रकाशन करणारे पंडित नाथूराम प्रेमी यांनी 1943 साली त्याची संपादित आवृत्ती काढली.

ग्रंथाचा आरंभ गावापासूनच होतो. रोहतकजवळचे बिहोली हे मूळ गाव, त्यावरून पडलेले गोत्र. माळव्यात एका मोगल अंमलदाराकडे मोदी असलेले आजोबा. त्यांच्या मृत्यूनंतर सर्वस्व जप्त झाल्यामुळे मुलाला घेऊन माहेरी जौनपूरला आलेली आजी. बनारसीदासांचा जन्म त्याच जौनपूरचा, 1586 मधील. पाळण्यातील नाव विक्रमाजीत. परंतु पार्श्वनाथांच्या जन्मनगरीची यात्रा घडली तेव्हा त्या नगरीचेच नाव बाळाला मिळाले. गाव माणसाच्या नावातच शिरले.

मुलाला वाचनाचे वेड. वडीलधाऱ्यांनी समजावले की अधिक विद्या हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानी बसावे. हा उपदेश आजही कितीतरी घरांत जवळजवळ याच शब्दांत होतो. चौदा-पंधराव्या वर्षी त्याने शृंगाराने भरलेला हजार छंदांचा ग्रंथ रचला आणि पुढे पश्चात्ताप होऊन तो गोमतीच्या प्रवाहात सोडून दिला. मोठेपणी वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्याला धाडले. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती, ती कोठे गळाली हे कळलेच नाही. व्यापार बुडाला. रात्री दहा-वीस माणसे जमत, त्यांना तो ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवी. त्यांत एक कचोरीवालाही असे. त्याच्याकडे महिनोन्‌महिने उधारीवर कचोऱ्या खाऊन झाल्यावर एके दिवशी याने खरे सांगितले की जवळ कवडी नाही. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, काळजी नको. पुढे हिशेब झाला तो चौदा रुपयांचा, आणि तो चुकता झाला. ज्या काळातील बादशहांच्या लढाया पाठ केल्या जातात त्याच काळातील एका कचोरीवाल्याची पत-मर्यादा आज ठाऊक आहे, ती केवळ एका कर्जदाराने ती न लाजता लिहून ठेवली म्हणून.

त्याने याहून जड गोष्टीही लिहिल्या. नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. ग्रंथाच्या अखेरीस तो आपले गुण मांडतो आणि लगेच दोषही मांडतो. एकांतात असला की नाचू लागतो, हेसुद्धा सांगतो. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेली कथा म्हणून ती ‘अर्ध’. उरलेली अर्धी लिहिली गेली नाही. ज्या परंपरेत आलोचना हे नित्याचे अंग आहे, संवत्सरीला लहानथोरांपुढे हात जोडून चूक मान्य करणे हा रिवाज आहे, त्या परंपरेतूनच असा ग्रंथ निघाला यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते त्यानंतरच्या मौनाचे.

आंजीच्या परिसरात सांगण्याजोगे थोडे नाही. धाम नदीच्या खोऱ्यातील हा कापसाचा मुलूख. थंडीच्या पहाटे काट्यापुढे लागलेल्या बैलगाड्यांची रांग, सरकीचा आणि ढेपेचा वास, गाडीवानांच्या शेकोट्या, मण-शेराचे किलोत रूपांतर करताना उडालेले गोंधळ. आणि मग 1972. राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली आणि कापसाची खाजगी खरेदी बंद झाली. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा हा हेतू रास्त होता. पुढे जवळजवळ तीस वर्षे ती योजना टिकली. तिचे लाभ, तिचा तोटा, थकलेले चुकारे यांवर अहवाल आणि भाषणे पुष्कळ झाली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कापूस जोखलेल्या अडत्याने त्या हंगामात सकाळी उठून काय केले, किराणा भरला की गाव सोडले, बुडालेली उधारी वसूल केली की वही मिटून ठेवली, दुष्काळाच्या त्या वर्षी व्याज घेतले की सोडले, हे कोणी विचारले नाही. शेवटचा प्रश्न अवघड आहे. तो वगळून घेतलेली मुलाखत म्हणजे पुन्हा सत्काराचे छायाचित्रच.

असे विचारण्याचे शिक्षण याच जिल्ह्यात एकेकाळी मिळत होते. वर्धा ओलांडले की सेवाग्राम. तेथील नई तालीमच्या शाळेत 1944 साली शांतिनिकेतनहून देवी प्रसाद हे चित्रकार कलाशिक्षक म्हणून आले आणि वर्षानुवर्षे खेड्यातील मुलांच्या हाती त्यांनी रंग दिले. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हा त्यांचा आग्रह होता.

आता त्या खेड्यांतील मुली पुण्या-मुंबईच्या कला महाविद्यालयांत जातात. दिवाळीच्या सुटीत त्यांपैकी एखादी आंजीला घरी आली आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून ओट्यावर आजोबांपाशी बसली, तर बोलणे काहीसे असे होईल.

“आबाजी, कापूस घेणं बंद झालं, त्या दिवशी तुम्ही काय केलं?”

“काय करणार बाई? दुकान उघडलंच होतं नं. सवयीनं.”

“गाड्या आल्या?”

“एक आली. मानसाला ठाऊक होतं, तरी आला. मी म्हटलं, बापू, आता आपल्याले घेता येत नाही. तो म्हणे, माहीत आहे शेठजी, चहा पिऊन जातो.”

“मग?”

“मग चहा पाजला. तो गेला, अन् मी काट्याची पारडी पुसून त्याला तेल दिलं. तुझी आजी म्हणे, आता कशाला तेल देता?”

“कुठं आहे तो काटा?”

“मागच्या खोलीत. पोत्यांच्या मागं असंन. उद्या उजेडी काढू.”