हाडाच्या कर्करोगाची नोंद: वैध कोड, चुकीचा अर्थ

आरोग्याच्या आकडेवारीत रिकामा राहिलेला रकाना निदान डोळ्यांना दिसतो. भरलेल्या आणि नियमाने वैध असलेल्या रकान्यातली चूक मात्र कोणत्याही पडताळणीत सहसा अडकत नाही. हाडाच्या कर्करोगाच्या नोंदींना धोका आहे तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, म्हणजे ‘आयसीडी-१०’मध्ये, हातापायांच्या हाडांत मूळ असलेल्या कर्करोगाला सी ४० आणि कवटी, मणके, बरगड्या, कटिबंध अशा उरलेल्या हाडांतल्या कर्करोगाला सी ४१ हा गट आहे. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडमधून पसरत हाडात पोचलेल्या कर्करोगाचा कोड सी ७९.५, तर मल्टिपल मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगाचा, त्याने मणके पोखरलेले असले तरी, सी ९०.०. पुस्तकात ही विभागणी स्पष्ट आहे. केस पेपरवर मात्र ‘सीए बोन’ (हाडाचा कर्करोग) एवढेच लिहून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात, कारण रुग्णाचा पूर्वेतिहास वॉर्डात सगळ्यांनाच ठाऊक असतो. नोंद विभागात बसलेल्या कोडरपुढे फक्त कागद असतो. त्या कागदावरून सी ४१.९, म्हणजे ‘हाड, जागा अनिर्दिष्ट’, हा कोड देणे नियमाला धरूनच होते.

ही चूक किरकोळ न ठरण्याचे कारण दोन रोगांच्या प्रमाणातील तफावतीत आहे. हाडातच उगम पावणारे कर्करोग एकूण कर्करोगांच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. पसरून हाडात आलेले त्यांच्या कितीतरी पट अधिक. समजा, एका मूळ रोग्यामागे असे वीस रोगी आहेत आणि त्यांच्यापैकी केवळ पाच टक्क्यांची नोंद चुकून मूळ रोग म्हणून झाली, तर मूळ रोगाचा आकडा थेट दुप्पट होतो. म्हणजे ९५ टक्के अचूक असलेले कोडिंगही दुर्मिळ रोगाचे चित्र पुरते बिघडवू शकते. वयाची चाळणी लावून हे सुधारता येईल असे वाटते, पण ऑस्टिओसार्कोमा हा हाडातच उगम पावणारा कर्करोग प्रामुख्याने किशोरवयातला असला तरी उतारवयातही, विशेषतः पूर्वी किरणोत्सर्गाचे उपचार झालेल्या हाडात, तो उद्भवतो. त्यामुळे सरसकट चाळणीत खरे रुग्णही गळतील.

मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात हाच दोष अधिक पक्का होतो. मृत्यूच्या कारणांचे कोडिंग करताना हाड ही कर्करोग पसरण्याची नेहमीची जागा मानली जाते, म्हणून हाडाबरोबर स्तनाचाही उल्लेख असेल तर स्तनाचा कर्करोग मूळ धरला जातो. पण रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ आणि दुसऱ्या ओळीत नुसतेच ‘बोन कॅन्सर’ लिहिले असेल, तर रोग हाडातलाच मानण्यावाचून नियमापुढे पर्याय उरत नाही.

एक निदान जवळून पाहू. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला गाठ आहे. बायोप्सीचा पहिला अहवाल ‘स्मॉल राउंड सेल ट्यूमर’ एवढेच सांगतो आणि पुढील चाचण्या सुचवतो. ईडब्ल्यूएसआर१ जनुकातला बदल, म्हणजे युइंग सार्कोमाची खूण, दाखवणारा पुरवणी अहवाल येईपर्यंत डिस्चार्ज कार्ड छापून झालेले असते, आणि बंद झालेली फाइल पुन्हा उघडणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. कोड लागतो सी ४०.२. तो चुकीचा नाही, पण पायाच्या लांब हाडातला युइंग सार्कोमा, ऑस्टिओसार्कोमा आणि कॉन्ड्रोसार्कोमा हे तिन्ही त्याच कोडात बसतात. पहिला किरणोपचाराला प्रतिसाद देतो, दुसऱ्यात केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात, तिसऱ्याची भिस्त बहुतांशी शस्त्रक्रियेवरच असते. हा भेद कर्करोगांसाठीच्या वेगळ्या वर्गीकरणाच्या, म्हणजे ‘आयसीडी-ओ’च्या, पेशीप्रकाराच्या कोडात टिकतो. ऑस्टिओसार्कोमाचा तो कोड आहे ९१८०/३. तिरक्या रेघेनंतरचा ३ मूळ कर्करोग दाखवतो, ६ पसरून आलेला आणि १ अनिश्चित वर्तनाची गाठ. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या ‘आयसीडी-११’ने ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमाला स्वतंत्र कोड दिले आहेत. ही सुधारणा योग्यच आहे, मात्र पुरवणी अहवाल फाइलला जोडला न गेल्यास तिचा उपयोग नाही.

अशा चुकांची दुरुस्ती होते ती प्रामुख्याने लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीत. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची. नोंदणीचे कर्मचारी वेगवेगळ्या ठिकाणचे कागद एकमेकांशी ताडून पाहतात, हे या पद्धतीचे बळ आहे. पण पुण्यात बायोप्सी, मुंबईत शस्त्रक्रिया आणि गावी मृत्यू असा प्रवास झालेल्या रुग्णाच्या बाबतीत ताडण्याजोगे कागद एका ठिकाणी येतीलच असे नाही. दुसरीकडे, रुग्णालयाचा कारकुनी वेळ विमा आणि सरकारी योजनांच्या पॅकेज कोडकडे वळतो, कारण पैसे उपचाराच्या त्या कोडवर मिळतात. निदानाच्या कोडची अचूकता कोणाच्याही बिलात दिसत नाही.

परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. फक्त मूळ हाडात असलेल्या, न पसरलेल्या ऑस्टिओसार्कोमाचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण आधुनिक उपचारांनी दीर्घकाळ जगतात. त्यांच्यात अन्यत्र उगम पावून हाडात पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण मिसळले, की सरासरी जगण्याचे प्रमाण घसरते आणि उपचारच निष्फळ असल्याचा भास होतो. नियोजक मग अवयव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियांवर आणि कृत्रिम सांध्यांवर खर्च करायला कचरू शकतो. उलट, स्तन किंवा प्रोस्टेटच्या उशिरा सापडलेल्या कर्करोगाचे ओझे तेवढ्याच प्रमाणात कागदावरून गायब होते.

आता डिस्चार्ज कार्ड वाचून आपोआप कोड सुचवणाऱ्या संगणकप्रणाली येत आहेत. कोडरांची टंचाई पाहता त्यांना सरसकट विरोध करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मात्र अशी प्रणाली जुन्या फाइलींना पूर्वी दिलेल्या कोडवरून शिकणार असेल, तर ‘सीए बोन’ म्हणजे सी ४१.९ हीच जोडी ती बरोबर म्हणून शिकेल आणि तिची अचूकता मोजली जाईल तीही त्याच कोडशी ताडून, म्हणजे जुनी चूक तंतोतंत गिरवल्याबद्दल तिला पूर्ण गुण मिळतील. ही कोंडी फोडायची तर मूळ बायोप्सी अहवालाशी नमुना पडताळणी करावी लागेल. ती उशिरा करून चालणार नाही, कारण अहवाल, स्लाइड आणि मेणातले पेशींचे ठोकळे प्रयोगशाळा अनिश्चित काळ सांभाळत नाहीत, कोड मात्र माहितीकोशात तसाच राहतो.